कंपनीचा नफा खरा की रंगवलेला? प्रोफेसर बेनीश यांचं गणित वापरून घरबसल्या कसं तपासायचं

गेल्या महिन्यात आतेभावाने व्हॉट्सअॅपवर एका कंपनीचा अॅन्युअल रिपोर्ट पाठवला, तीनशेच्या आसपास पानं, आणि खाली एवढंच की ताई नफा ३० टक्क्यांनी वाढलाय, घेऊ का? मी विचारलं कॅश फ्लो बघितलास का, तर म्हणे ते कुठे असतं. म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर लिहून ठेवते, त्याच्यासाठी पण आणि ज्यांनी आपले कष्टाचे पैसे शेअर्समधे घातलेत पण नफ्याच्या आकड्यापलीकडे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी पण. वही, पेन, आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर एवढ्यावर होतं, पहिल्या वेळी दोन-तीन तास जातील, नंतर पाऊण तास.

आधी हे समजून घ्या की नफा हा मोजलेला आकडा कमी आणि ठरवलेला जास्त असतो. मशीन १० वर्षं चालणार की १५, उधारी किती बुडणार, वॉरंटीवर किती खर्च येणार, विक्री झाली असं नेमकं कोणत्या दिवशी धरायचं, हे सगळे अंदाज मॅनेजमेंट करते. नियमात बसूनच हे अंदाज जरा आपल्या बाजूला ओढले की नफा वर जातो, याला अर्निंग्ज मॅनेजमेंट म्हणतात, आणि नियम मोडून ओढले की तो सरळ घोटाळा. दोघांच्या मधे रेघ बारीक आहे आणि बऱ्याच कंपन्या या बाजूने सुरुवात करून त्या बाजूला पोचतात.

आर्टिकलशिपला (सीएच्या शिक्षणातली उमेदवारी) असताना एका कंपनीच्या ऑडिटला गेले होते, पुण्याजवळच्या एमआयडीसीतली फॅक्टरी. मार्च महिन्याची विक्री बाकीच्या महिन्यांच्या जवळजवळ दुप्पट होती आणि त्यातली बरीच बिलं ३१ मार्चची. बिलं व्यवस्थित, सही-शिक्का सगळं होतं. आमचे सर म्हणाले बिल ऑफिसात छापतात, तू गेटवर जा आणि वॉचमनचं आउटवर्ड रजिस्टर घेऊन ये. ते निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर अजून डोळ्यासमोर आहे, चहाचे डाग पडलेलं, बॉलपेनने गाडी नंबर आणि वेळ लिहिलेली. ३१ मार्चच्या बिलांच्या गाड्या ३, ४ आणि ६ एप्रिलला गेटबाहेर पडल्या होत्या, आणि मे महिन्यात त्यातला बराच माल क्रेडिट नोटने (बिलाची रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) परत आला होता. म्हणजे वर्ष संपताना डीलरच्या गळ्यात माल मारला, विक्री दाखवली, आणि नवीन वर्षात गुपचूप परत घेतला. आपल्याला घरी बसून गेट रजिस्टर दिसत नाही, पण त्या रजिस्टरची सावली आकड्यांवर पडतेच, ती कुठे शोधायची हे काही प्रोफेसरांनी आयुष्य घालवून शोधून ठेवलंय.

त्यातलं सगळ्यात वापरात असलेलं काम मेसोड बेनीश यांचं, अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीच्या केली स्कूलमधले अकाउंटिंगचे प्रोफेसर. ज्यांनी नफा फुगवला हे नंतर सिद्ध झालं अशा ७४ कंपन्या त्यांनी घेतल्या, त्यांच्यासमोर २,३३२ साध्या कंपन्या ठेवल्या, आणि फरक कुठे दिसतो ते शोधलं. १९९९ मधे हा पेपर आला आणि त्यातून जो आकडा निघतो त्याला सगळे एम-स्कोर म्हणतात. त्याच्या आधीच, १९९८ मधे, कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या एमबीएच्या विद्यार्थ्यांनी हे मॉडेल एन्रॉनला लावून बघितलं आणि रिपोर्टमधे लिहिलं की इथे आकड्यांत गडबड असू शकते, शेअर विका. तेव्हा भाव ४८ डॉलरच्या आसपास होता, २००० च्या ऑगस्टमधे तो ९० पर्यंत गेला, आणि २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळं काढलं. आपल्याकडे एन्रॉन म्हटलं की दाभोळ आठवतं, ती हीच कंपनी. तिचे ऑडिटर आर्थर अँडरसन, जगातल्या पाच मोठ्या फर्म्सपैकी एक, पाठोपाठ संपले. सांगायचं एवढंच की विद्यार्थ्यांकडे कुठलीही आतली माहिती नव्हती, सगळ्यांना मिळतात तेच रिपोर्ट होते.

आता कामाला लागू. कंपनीच्या किंवा बीएसई-एनएसईच्या साइटवरून गेल्या पाच वर्षांचे अॅन्युअल रिपोर्ट डाउनलोड करा. चेअरमनचं पत्र, झाडं लावल्याचे फोटो, हे सगळं सोडून शेवटच्या अर्ध्या भागात जा. तिथे स्टँडअलोन (फक्त ती कंपनी) आणि कन्सोलिडेटेड (उपकंपन्या धरून) असे दोन संच असतात, आकड्यांसाठी कन्सोलिडेटेड घ्या. बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्या) आणि इन्शुरन्स कंपन्यांना हे गणित लावू नका, त्यांचा धंदाच उधारीचा आहे.

पहिलं काम कॅशचं. पाच वर्षांचा निव्वळ नफा एका रकान्यात, कॅश फ्लो स्टेटमेंटमधली पाच वर्षांची ऑपरेशन्समधून (म्हणजे रोजच्या धंद्यातून) आलेली कॅश दुसऱ्या रकान्यात, खाली बेरीज. रिचर्ड स्लोन या प्रोफेसरांनी १९९६ मधे दाखवलं की नफ्याचा जो भाग कॅशच्या रूपात आलेला असतो तो पुढच्या वर्षी टिकतो, आणि जो भाग नुसता वहीतला असतो, म्हणजे उधारी, स्टॉक, अंदाज, तो तितका टिकत नाही, आणि बाजार हा फरक नीट बघत नाही. एखाद वर्षी कॅश कमी येणं नॉर्मल आहे, वाढत्या कंपनीचा पैसा स्टॉकमधे अडकतोच, पण पाच वर्षांच्या बेरजेत नफा ३०० कोटी आणि कॅश ९० कोटी असेल तर उरलेले २१० कोटी कुठे बसलेत ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथे एक गोष्ट सांगते जी बरेच जण विसरतात. आपल्या इंड एएस या अकाउंटिंगच्या नियमांत कर्जावर भरलेलं व्याज ऑपरेशन्सच्या कॅशमधून वजा होत नाही, ते खाली फायनान्सिंगमधे दाखवतात, अमेरिकेत मात्र ते ऑपरेशन्समधेच वजा होतं. नफा मात्र व्याज आणि घसारा दोन्ही वजा करून आलेला असतो. म्हणजे आपल्याकडे ही कॅश मुळातच नफ्यापेक्षा जास्त दिसायला हवी, आणि ती नुसती नफ्याएवढी असेल तरी खुश व्हायचं कारण नाही. कर्जबाजारी कंपनीत तर हा फरक प्रचंड पडतो. त्यामुळे फायनान्सिंगमधली व्याजाची ओळ शोधा, ती रक्कम ऑपरेशन्सच्या कॅशमधून वजा करा, आणि मग नफ्याशी तुलना करा. खाली एम-स्कोर काढताना पण हीच वजा केलेली कॅश वापरायची.

मग येणी. ट्रेड रिसिव्हेबल्सची नोट उघडा. २०२१-२२ पासून कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मधे उधारीचं वय दाखवणं सक्तीचं झालंय, सहा महिन्यांपेक्षा कमी, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन, आणि तीन वर्षांच्या वर. हा तक्ता सोन्यासारखा आहे आणि कोणी बघत नाही. गेल्या वर्षीचा 'सहा महिन्यांपेक्षा कमी' चा आकडा या वर्षी 'एक ते दोन' च्या खान्यात किती सरकला ते बघा, उधारी एका खान्यातून दुसऱ्यात म्हातारी होत चाललीय आणि बुडीताची प्रोव्हिजन (तरतूद) मात्र वाढत नाहीये, तर नफा तेवढ्याने फुगलेला आहे. दुसरं म्हणजे उधारी फक्त याच नोटमधे नसते, बिल न केलेली विक्री 'अनबिल्ड रेव्हेन्यू' किंवा 'कॉन्ट्रॅक्ट अॅसेट' नावाने वेगळीकडे बसते, ती पण धरा. आणि कंपनीने बिलं डिस्काउंट करून बँकेकडून पैसे उचलले असतील तर उधारी कमी झालेली दिसते पण गिऱ्हाइकाने दमडी दिलेली नसते.

आता एम-स्कोर. घाबरू नका, आठ भागाकार आहेत आणि बहुतेक म्हणजे या वर्षाचा आकडा भागिले गेल्या वर्षाचा आकडा. हातचं उदाहरण घेऊन करू, कंपनी काल्पनिक आहे, आकडे कोटींत.

विक्री ४०० वरून ५२० झाली, म्हणजे विक्रीवाढ १.३०. येणी ६० वरून ११७ वर गेली, गेल्या वर्षी विक्रीच्या १५ टक्के होती आता २२.५ टक्के, म्हणजे उधारीचा आकडा १.५० (बेनीश यांच्या नमुन्यात फुगवणाऱ्यांचं हे सरासरी १.४६५ होतं आणि साध्या कंपन्यांचं १.०३१, म्हणजे फरक मोठा). ग्रॉस मार्जिन (विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरलेला हिस्सा) ३० टक्क्यांवरून २८ वर आलं, इथे उलटं करायचं, गेल्या वर्षीचं भागिले या वर्षीचं, १.०७. चालू मालमत्ता आणि जमीन-मशीन सोडून जी इतर मालमत्ता उरते ती एकूणच्या १० टक्के होती, आता १२ टक्के, म्हणजे १.२०, खर्च कुठेतरी मालमत्ता म्हणून लपवलाय का याचा हा अंदाज. घसाऱ्याचा दर १० टक्क्यांवरून ९ वर आला, इथे पण उलटं, १.११. ऑफिस आणि विक्रीचा खर्च दोन्ही वर्षी विक्रीच्या १२ टक्के, म्हणजे १. दीर्घ मुदतीचं कर्ज आणि चालू देणी मिळून एकूण मालमत्तेच्या ५० टक्के होती, आता ५५, म्हणजे १.१०. शेवटचा आकडा वेगळा, नफा ३६ कोटी, व्याज वजा केलेली कॅश उणे ९ कोटी, फरक ४५, त्याला एकूण मालमत्ता ४५० ने भागा, ०.१०.

आता हे असं जोडायचं:

उणे ४.८४ + (०.९२० × उधारी) + (०.५२८ × मार्जिन) + (०.४०४ × इतर मालमत्ता) + (०.८९२ × विक्रीवाढ) + (०.११५ × घसारा) − (०.१७२ × ऑफिसखर्च) + (४.६७९ × नफा-कॅश फरक) − (०.३२७ × कर्ज)

आपल्या कंपनीचं उत्तर येतं उणे १.१९. सर्वसाधारणपणे उणे १.७८ ही रेघ धरतात, उत्तर त्याच्या वर, म्हणजे शून्याकडे किंवा त्याच्याही पुढे, गेलं की लाल दिवा. आपली कंपनी रेघेच्या बरीच वर आहे. तुलनेसाठी, एखाद्या कंपनीत काहीच बदललं नाही, सगळे आकडे १ आणि शेवटचा शून्य, तर उत्तर उणे २.४८ येतं, ते डोक्यात ठेवा, तिथून किती लांब आलात ते कळतं.

हे काढताना एक अडचण येईलच. अमेरिकन रिपोर्टमधे ऑफिस-विक्री खर्चाची वेगळी ओळ असते, आपल्याकडे खर्च प्रकाराने लिहितात, कच्चा माल, पगार, इतर खर्च असे. म्हणून मालाचा खर्च काढायला वापरलेला कच्चा माल, विकायला आणलेला तयार माल आणि स्टॉकमधला बदल हे तीन जोडायचे, आणि ऑफिसखर्चासाठी पगार आणि इतर खर्च धरायचे. फॅक्टरीतला पगार पण त्यात येतो, म्हणजे अचूक नाही, पण दोन्ही वर्षं एकाच पद्धतीने धरली की चालतं. तयार एम-स्कोर देणाऱ्या साइट्स आहेत, त्यावर विसंबू नका, त्यांनी काय धरलंय ते कळत नाही आणि व्याजाची दुरुस्ती बहुधा केलेली नसते.

आणि स्कोर लाल आला म्हणजे चोर सापडला असं अजिबात नाही. बघा, समजा एखाद्या प्रामाणिक कंपनीची विक्री खरोखर दुप्पट झाली आणि बाकी काहीच बदललं नाही, तर विक्रीवाढ २ धरून उत्तर उणे १.५९ येतं, लाल दिवा. दुसऱ्या बाजूने बेनीश यांनी स्वतः लिहिलंय की हे मॉडेल गडबड उघड व्हायच्या आधी साधारण निम्म्याच कंपन्या पकडतं. म्हणून मी एकूण उत्तरापेक्षा कुठल्या आकड्याने ते वर ओढलं ते बघते, विक्रीवाढीने ओढलं असेल तर धंदा समजून घ्यायचा, उधारी आणि नफा-कॅश फरकाने ओढलं असेल तर जास्त काळजी.

कॅश बघितली की सुटलो असंही समजू नका. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीचे चेअरमन रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की बँकेतली ५,०४० कोटींची कॅशच अस्तित्वात नव्हती. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ऑपरेटिंग नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा होता ६१ कोटी. अशा ठिकाणी वरचा कॅशचा तपास फसतो, कारण कॅशच खोटी. पण तिथेही दार आहे, व्याज तपासा. इतर उत्पन्नाच्या नोटमधे एफडी आणि बँकेवरचं व्याज दिलेलं असतं, त्याला वर्षाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या कॅश-एफडीच्या सरासरीने भागा. एफडीचा दर ७ टक्के चालू असताना कंपनीला २ टक्के मिळत असतील तर एक तर पैसा चालू खात्यात निजलाय, किंवा फक्त ३१ मार्चला आणून ठेवलाय, किंवा नाहीच आहे. मात्र सत्यमच्या पत्रात ३७६ कोटींचं येणं व्याज पण खोटं निघालं होतं, त्यामुळे व्याज जमत असेल तरी दुसरा प्रश्न विचारायचा, एवढी कॅश आहे तर कर्ज का काढलंय, आणि डिव्हिडंड एवढा किरकोळ का.

आता ऑडिटरच्या रिपोर्टकडे या, हा भाग लोक कंटाळून सोडतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच मिळतं. लिंडा डीअँजेलो या प्रोफेसरांनी १९८१ मधे ऑडिटची क्वालिटी दोन तुकड्यांत मांडली होती, ऑडिटरला चूक सापडण्याची शक्यता, आणि सापडल्यावर ती सांगण्याची शक्यता. पहिली कौशल्याची, दुसरी कण्याची. मी स्वतः या धंद्यात आहे म्हणून मनापासून सांगते, दुसरी जास्त अवघड आहे, कारण फी त्याच कंपनीकडून येते ज्याच्याविरुद्ध लिहायचंय.

वाचताना पहिला परिच्छेद बघा, 'क्वालिफाइड ओपिनियन' असेल तर ऑडिटर हिशोबाच्या एखाद्या भागाशी सहमत नाही, किंवा त्याला पुरेसा पुरावा मिळालेला नाही, कारण लगेच खाली असतं. 'एम्फसिस ऑफ मॅटर', म्हणजे मत न बदलता ऑडिटरने मुद्दाम लक्ष वेधलेली गोष्ट, सौम्य वाटतं पण एकेक शब्द वाचा. 'की ऑडिट मॅटर्स' मधे ऑडिटरने कुठे जास्त घाम गाळला ते असतं, आणि गेल्या वर्षीची यादी शेजारी ठेवा, काय नवीन आलं ते महत्त्वाचं. 'अदर मॅटर्स' मधे उपकंपन्यांपैकी कितींचं ऑडिट दुसऱ्यांनी केलंय आणि त्यांची विक्री किती ते लिहितात, निम्मी विक्री अशा परदेशी उपकंपन्यांत असेल ज्या मुख्य ऑडिटरने बघितल्याच नाहीत तर विचार करा. स्टँडअलोनच्या ऑडिट रिपोर्टमागे कारोची (कंपनीज ऑडिटर्स रिपोर्ट ऑर्डर) अॅनेक्शर असते, तिथे एक कलम आहे, बँकेकडून ५ कोटींच्या वर खेळतं भांडवल घेतलं असेल तर बँकेला दर तिमाहीला दिलेली स्टेटमेंट्स पुस्तकांशी जुळतात का. बँकेला स्टॉक एक सांगायचा आणि पुस्तकात दुसरा, हे इथे चक्क तक्ता करून दिलेलं सापडतं, मी पाहिलंय. एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधे एडिट लॉग (नोंदी कधी काय बदलल्या याची नोंद) चालू ठेवणं बंधनकारक आहे, तो वर्षभर चालू होता का यावर पण ऑडिटरला लिहावं लागतं.

आणि ऑडिटर मुदतीच्या मधेच राजीनामा देऊन गेला असेल तर एक्स्चेंजवर त्याचं राजीनाम्याचं पत्र शोधा. 'वैयक्तिक कारण' किंवा 'कामाचा व्याप' हे कारण आणि तारीख रिझल्टच्या तोंडावरची, तर मी तरी त्या कंपनीपासून लांबच राहते. ऑडिटरवरची कारवाई बघायची असेल तर एनएफआरए, ऑडिटरवर नजर ठेवायला ऑक्टोबर २०१८ मधे स्थापन झालेली सरकारी संस्था, तिच्या साइटवर ऑर्डर्स ठेवलेल्या असतात, एक तरी पूर्ण वाचा, ऑडिटरने काय बघायला हवं होतं ते तिथे ओळीओळीने लिहिलेलं असतं.

एक प्रकार असा आहे जो ऑडिटर पकडूच शकत नाही कारण त्यात खोटं काही नसतं. जाहिरात थांबवायची, मशीनचं मेंटेनन्स पुढे ढकलायचं, रिसर्चचा खर्च कापायचा, किंवा मार्चमधे डिस्काउंट देऊन एप्रिलची विक्री आत्ताच ओढायची. सुगत रॉयचौधुरी यांनी २००६ मधे यावर काम केलं. ग्रॅहम, हार्वे आणि राजगोपाल यांनी अमेरिकेत चारशेच्या वर फायनान्स अधिकाऱ्यांना विचारलं तेव्हा ८० टक्क्यांनी सांगितलं की नफ्याचं टार्गेट गाठायला असा खर्च कापू. म्हणून इतर खर्चाच्या नोटमधे दुरुस्ती, जाहिरात आणि रिसर्च या तीन ओळी पाच वर्षांच्या लिहून काढा. ज्या वर्षी नफा अगदी काठावर वाढलाय त्याच वर्षी दुरुस्तीचा खर्च खाली आलाय का ते बघा. काठावरचा नफा हा स्वतःच एक खूण आहे, १९९७ मधे बरगस्टालर आणि दिचेव यांनी हजारो कंपन्यांच्या नफ्याचा आलेख काढला तर शून्याच्या किंचित खाली कंपन्या असायला हव्यात त्यापेक्षा खूपच कमी आणि किंचित वर खूपच जास्त निघाल्या.

एवढं करून प्रश्न उरले तर ते विचारा, शेअरहोल्डर आहात, एक शेअर असला तरी. कंपनी सेक्रेटरीचा ईमेल रिपोर्टमधेच असतो, आणि एजीएम (वार्षिक सभा) ऑनलाइन असेल तर बोलायला आधी नाव नोंदवावं लागतं, शेवटची तारीख नोटिशीत दिलेली असते. 'कंपनीचं भवितव्य काय' असलं विचारलंत तर भाषण मिळेल. आतेभावाला मी जो प्रश्न लिहून दिला तो असा होता, की ट्रेड रिसिव्हेबल्सच्या नोटमधे ३१ मार्चला सहा महिने ते एक वर्ष या खान्यात जी रक्कम आहे, त्यातली ३० जूनपर्यंत प्रत्यक्ष किती वसूल झाली, आणि त्याच काळात मार्चच्या बिलांवर किती रकमेच्या क्रेडिट नोटा निघाल्या. ईमेल पाठवून तीन आठवडे झालेत, अजून उत्तर आलेलं नाही, आणि त्याने शेअर अजून घेतलेला नाही.